टिकलीच्या अंगावरची बाही

मित्रांनो, मी एक जुनी बाही आहे. अख्ख्या स्वेटरने आपली कहाणी सांगितली असती तर शोभलं असतं; पण तो खुंटीवर आहे आणि मी इथे फाटकाशी, एका इवल्याशा कुत्रीच्या अंगावर. तेव्हा मीच सांगते.

हर्सूलच्या कडूबाईंनी मला तपकिरी लोकरीत विणलं. त्यांच्या मुलाला, इंद्रजीतला, चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळी लागली होती. मोटारसायकलवर वारं झोंबायचं, पण माझ्या आतल्या हाताला मी ते कधी लागू दिलं नाही. आपल्या मायने विणलंय, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि मी फुगून जायचे. तो घरी आला की टिकली मांडीवर उडी मारायची. टिकली म्हणजे त्याने आणलेली कुत्री, आखूड केसांची, पांढरी, कपाळावर काळा ठिपका. माझ्यात तोंड खुपसून बसायची. माझी कड तिनेच चावून सैल केली.

पुढे इंद्रजीत दुबईला नोकरीला गेला. तिथे थंडी नसते म्हणून स्वेटर मागेच राहिला. त्या हाताची मला फार आठवण यायची. टिकलीला तर माझ्याहून जास्त. रोज सकाळी ती फाटकाशी, गार शहाबादी फरशीवर त्याची वाट बघत बसायची.

यंदा थंडी कडाक्याची पडली. टिकली कुडकुडू लागली. कडूबाईंनी शेगडीजवळ पोतं अंथरलं. ती उठून फाटकाशी. गोधडी पांघरली, ती टाकून पुन्हा फाटकाशी. शेजारच्या अपेक्षाने सुचवलं, की एवढ्याशा जिवात ऊब टिकत नाही, हिच्या अंगातच काहीतरी घाला, स्वेटरची बाही बरोबर बसेल. पण माणूस गावाला निघाला की मागे लगेच घर न झाडणाऱ्या कडूबाई त्या!

"बाहेर गेलेल्या माणसाच्या कापडाला कात्री लावू नाय," त्या म्हणाल्या. लेक परक्या मुलखात. त्याला काही झालं तर?

मग एके सकाळी दूध पुढे ठेवलं तरी टिकली उठली नाही. कडूबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांनी इंद्रजीतला फोन लावून सगळं सांगितलं.

"माय, इथं मला थंडी नाय," तो म्हणाला. "ती माझ्यापायी गारठायली. तिला घाल."

तरी कडूबाईंनी कात्री घेतली नाहीच. सुईने एकेक टाका उसवून मला वेगळं केलं. माझी खालची शिवण चार बोटं मोकळी केली, तिथून टिकलीचे पुढचे दोन्ही पाय बाहेर काढले आणि मनगटाची कड तिच्या गळ्याशी आणली. टिकलीने मला हुंगलं, पुन्हा पुन्हा हुंगलं. हळूहळू तिची थरथर थांबली. दुपारी उन्हात बसून ती दूध प्यायली, तेव्हा कडूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

टिकली अजून फाटकाशीच बसते. आता तिच्याखाली पोतं असतं आणि अंगावर मी. दवाने ओली झाले की कडूबाई मला काढून वाळवतात, ओली लोकर उलट गारठवते म्हणून. रस्त्यात रिक्षा थांबली की टिकलीचं काळीज धडधडतं. ते मला कळतं, कारण मी त्याला लागूनच असते. माझंही तसंच होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातून कुणी दूर गेलं असेल, तर त्याची वाट आणखी कोण बघतंय तेही पाहा. थंडी वाजली म्हणून वाट बघणारा जीव फाटक सोडून आत येईलच असं नाही. ऊब तिथे नेऊन द्या.