उज्माचं बोनाफाईड

मी एक जुना शिक्का आहे, आणि मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. टेमघरच्या एका शाळेच्या कार्यालयात मी बावीस वर्षे काढली. तेवढी वर्षे रोज आपटला गेलो, आधी शाईच्या पॅडवर आणि मग कागदावर.

धामणकर नाक्यावरच्या एका छोट्या दुकानात रहमतुल्लाचाचांनी माझे रबर कापले. अक्षरे उलटी कोरायची असतात, म्हणून ते एकेक अक्षर आरशात तपासत होते. 'बोनाफाईड' हा शब्द त्यांनी इंग्रजीत कोरला. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मला न्यायला आलेल्या शिपायालाही नव्हता. शाळेत रोज पालक खिडकीशी येत आणि म्हणत, "बोनाफाईड पायजे." कुणाला पाससाठी, कुणाला बँकेसाठी. हे मूल खरोखर याच शाळेत शिकते, एवढेच मी सांगत असे. पहिले मुख्याध्यापक माझा ठसा उजेडात धरून बघत आणि "झकास!" म्हणत. ते दिवस चांगले होते.

मग जीवन नावाचा लिपिक आला. त्याला खिडकीपलीकडची माणसे बघवत नसत. त्यांचा राग तो माझ्यावर काढायचा. माझी मूठ त्याच्यामुळेच चिरली.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मेहरुन्निसा आली. ती लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. तिची मुलगी उज्मा दहावीत होती, कबड्डीत पट्टीची चढाई करणारी. जिल्ह्याच्या संघात आमच्या शाळेतून एकीलाच जागा होती आणि ती उज्माला मिळाली होती. बोनाफाईड त्याच दिवशी पाचच्या आत ठाण्याच्या क्रीडा कार्यालयात द्यायचे होते.

"आधारवर उझमा, रजिस्टरला उज्मा," जीवन म्हणाला. "खरी कोणती? बोनाफाईड म्हणजे खरं. खोट्या नावाला मी शिक्का मारणार नाही."

"भाऊसाहेब, पोर तर एकच हाय ना! पाचवीपासून याच शाळेत येते. सकाळपासून चौथी खेप हाय माझी, ड्युटी बुडवून उभी हाय."

"तुमची ड्युटी मला सांगू नका. व्हा बाजूला."

मी ड्रॉवरमध्ये होतो. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण आदल्याच दिवशी ह्याच माणसाने मला एका खोट्या कागदावर आपटले होते. संस्थेच्या एका सभासदाची भाची दुसऱ्या शाळेत शिकत होती. तिला आमच्या शाळेची म्हणून उज्माची जागा द्यायची होती. मी सगळे जाणत होतो, पण शिक्क्याला तोंड नसते.

मेहरुन्निसा बाजूला झाली नाही. ती थेट वर गेली आणि धम्मदिना मॅडमना घेऊन आली. मॅडम इंग्रजी शिकवत. मुख्याध्यापक रजेवर असल्याने त्या दिवशी सहीचा अधिकारही त्यांच्याकडेच होता.

"जीवन, हा लॅटिन शब्द आहे," त्या म्हणाल्या. "बोना म्हणजे चांगल्या, फिदे म्हणजे विश्वासाने. मनात खोट न ठेवता. इंग्रजीत 'बोनाफाईड मिस्टेक' असंही म्हणतात. प्रामाणिकपणे झालेली चूक. ह्या पोरीच्या नावातला ज आणि झ तसाच आहे."

"मला लॅटिन शिकवू नका, मॅडम. माझ्यावर बालंट येईल."

मॅडमनी स्वतःच दाखला लिहिला, मला ड्रॉवरमधून काढले, ठसा उमटवला आणि सही केली. मग क्रमांक टाकायला त्यांनी जावक रजिस्टर उघडले. आदल्या दिवशीच्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले.

"ही मुलगी कोण? दहावी ब? त्या वर्गाची वर्गशिक्षिका मी आहे!"

जीवनने मान खाली घातली. "वरून फोन होता."

"आणि खोटं ह्या बाईला म्हणत होतास!"

मॅडमनी मला पर्समध्ये टाकले, रजिस्टर काखेत मारले, उज्माला वर्गातून बोलावले आणि मायलेकींना रिक्षात बसवले. ठाण्याला पोहोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. तिथला अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिला. दोन्हींवर मीच होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"शिक्का तर एकच आहे. मी कोणाचं मानू?"

ती भाची मामासोबत तिथेच उभी होती. मॅडमनी तिला विचारले, "बाळ, तुझ्या वर्गशिक्षिकेचं नाव काय?"

मुलीने मामाकडे पाहिले. मामा भिंतीकडे बघू लागला. मुलगी रडायला लागली. अधिकाऱ्याने तिचा कागद बाजूला सारला आणि यादीत उज्माचे नाव लिहिले.

इथे थांबलो तर तुम्हाला बरे वाटेल. पण पुढे चौकशी समिती बसली. तिने काय ठरवले? 'शिक्क्याचा गैरवापर झाला, सबब शिक्का रद्द.' जीवनला फक्त समज मिळाली. त्यानेच ब्लेडने माझी अक्षरे खरवडली. आता मी त्याच ड्रॉवरच्या तळाशी पडून असतो आणि तो त्याच खुर्चीवर बसतो.

परवा मेहरुन्निसा धाकटीच्या बोनाफाईडसाठी आली. तिने विनवणी केली नाही. खिडकीच्या आत हात ठेवून उभी राहिली आणि कागद मिळेपर्यंत हात काढला नाही.

मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यापैकी कुणीतरी अशा खुर्चीवर बसेल. तेव्हा शिक्के जपत बसू नका. समोरच्या माणसाकडे बघून त्याचे नाव नीट वाचा. तेवढेही जमणार नसेल, तर दुसरे काम शोधा.