साताऱ्याहून आलेला हुकूम

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मिरजेतल्या एका इस्पितळात मी नऊ वर्षं राबलो. कुणाचा एक्स-रे, कुणाच्या मेंदूचा सीटी स्कॅन, सगळी चित्रं माझ्या पोटात असत. मी ती सांगलीतल्या डॉक्टरांच्या पडद्यावर क्षणात पोचवायचो. नवा होतो तेव्हा मला हार घातला होता. पुढे माझ्या जाळीत धूळ साचली, ती कुणी झटकली नाही. तरी मी थांबलो नाही.

माझी देखभाल साताऱ्यातल्या एका ऑफिसातून होई. तिथले सुमंत सर काळ्या पडद्यावर एक ओळ लिहीत, की इकडे मी बंद होई किंवा सुरू होई. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत शिराळ्याहून बनुबाईंना आणलं. सकाळी बोलता बोलता त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चार तास होत आले होते. स्कॅन काढणारी मयूरी चित्रं माझ्याकडे पाठवू लागली. निम्मी आली आणि साताऱ्याहून हुकूम आला, बंद हो.

मी उत्तर दिलं, 'काम चालू आहे. आत्ता बंद करता येणार नाही.'

सुमंत सरांनी तीच ओळ पुन्हा लिहिली. शेवटी फक्त एक शब्द जोडला, 'सक्तीने'. त्या शब्दापुढे माझं काही चालत नाही. मी विझलो.

पुढचं मी नंतर मयूरीच्याच तोंडून ऐकलं. तिनं साताऱ्याला फोन लावला होता.

"सर, सर्व्हर बंद झालाय! पेशंट टेबलावर आहे."

"अहो, मीच बंद केलाय. अपडेट आहे. अर्धा तास थांबा."

"तेवढा वेळ नाहीये हो!"

शेवटी डॉक्टर सांगलीहून स्वतः गाडी काढून आले. स्कॅनच्या मशीनवरच त्यांनी चित्रं पाहिली. तोवर औषधाची वेळ टळली होती. बनुबाई जगल्या, पण त्यांची वाचा गेली.

चौकशी झाली. सुमंत सरांनी कळवलं, 'सर्व्हर जुना आहे, आपोआप बंद पडला.' हुकूम, वेळ, तो शब्द, सगळं माझ्या नोंदींत होतं. कुणी ते उघडलंच नाही. मयूरीला वरून बजावलं गेलं, तुम्ही काही बोलायचं नाही.

आठ दिवसांनी बनुबाईंचे मालक लालासाहेब माझ्या खोलीपर्यंत आले.

"ताई, मशीन बंद पडलं म्हंत्यात. व्हय?"

मयूरीनं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "हो काका. जुनं होतं."

लालासाहेब माझ्यासमोर उभे राहिले. "लय बोलायची रं ती," एवढंच ते मला म्हणाले.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी अशाच काळ्या पडद्यापुढे बसेल. दूरचं यंत्र बंद करण्याआधी एक फोन लावा. तिथं टेबलावर कोण आहे, ते विचारा. आणि चुकलात तर 'चुकलो' म्हणा. तुम्हांला वाचा आहे. बनुबाईंना आता नाही.