एका गुणाची वाटी

"एक पॉइंट, सिस्टर! सिर्फ एक!" वाधवानींनी कॅल्क्युलेटर अंजनीसमोर फिरवला. त्यावर सहासष्ट उमटले होते. कॅनडात स्थायिक व्हायच्या अर्जाला सदुसष्ट हवे होते.

परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या वाधवानींचं, गोल मैदानाजवळच्या माडीवरचं ते छोटं ऑफिस. अंजनी उल्हासनगरच्याच एका नर्सिंग होममध्ये अकरा वर्षं नर्स. शेजारी बसलेला तिचा नवरा जयदेव आनंदनगरच्या कारखान्यात फिटर, पण कंत्राटी. दर काही महिन्यांनी त्याचं नाव कमी व्हायचं आणि पुन्हा नव्याने लागायचं. त्या टांगणीला कंटाळूनच दोघं इथवर आली होती. अर्ज तिच्या नावाने होता, कारण गुण तिचे जास्त भरत होते.

"देखो," वाधवानी कागदावर बोट ठेवून म्हणाले, "शिक्षणाचे बावीस. अनुभव एकवीस, फुल. वयाचे दहा, तेपण फुल. जयदेवभाईंच्या आयटीआयचे तीन. तिथे नातेवाईक नाही, नोकरीचं लेटर नाही, तो झीरो. इंग्लिशचे दहा. आता वाढवायचे तर फक्त इंग्लिशमध्ये. वाचण्यात तुम्ही फर्स्ट क्लास, पण बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी साडेपाच? सात आणा, दोन पॉइंट वाढले. अडसष्ट! खतम."

"बोलण्यातच ना?" जयदेव म्हणाला. "अहो, घरातलं मीठ संपलं हे सांगायला ही दोन दिवस घेते."

"परीक्षेत विचारलं काय होतं?"

"कुणाला मदत केली ते दोन मिनिटं सांगा," अंजनी हळूच म्हणाली.

"फिर?"

"सांगितलं. एक आजोबा होते, लाइट गेली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी हाताने फुगा दाबून त्यांना श्वास देत राहिले. ते वाचले."

"फिर?"

"मग गप्प बसले. आपणच आपल्या मदतीचं किती सांगायचं?"

वाधवानींनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, पुण्य घरी मोजा. तिथे बोलायचे मार्क आहेत."

दोघं बुवापाड्यात घरी आली तेव्हा सासूबाई, जनाबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. जयदेवने चपला काढता काढता सगळा हिशेब सांगितला, शिक्षणाचे इतके, वयाचे इतके. जनाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"आन् माझे किती धरले?"

जयदेव चपला सरळ करत राहिला. शेवटी अंजनीच म्हणाली, "आई, त्यात नवरा, बायको आणि मुलंच लिहायची असतात. सासूचा रकाना नाही."

"असं," जनाबाई म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला. "बदलापूरला अनंता हाय की, माझा दुसरा ल्योक. तू तुझा एक गुण बघ."

अंजनीचा जुना नेम होता. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावायचं आणि फुलवात शांत होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ड्यूटी, स्वयंपाक, लेकीचा, प्रीतीचा अभ्यास यांतून तेवढाच वेळ तिचा स्वतःचा उरायचा. परीक्षा पुन्हा द्यायची तर सराव करायला दुसरी वेळ नव्हती. तिला नेम मोडवेना आणि परीक्षाही सोडवेना.

"मोडू नगस, बदल," जनाबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं गप बसलीस, आता बोलायचा नेम धर. देवाला काय इंग्रजी येत न्हाय व्हय?"

"पण ऐकणार कोण?"

"मी ऐकते. शबूद न्हाय कळायचा, पण माणूस अडखळलं की कळतं."

दुसऱ्या दिवशी दिवा लागला तशी जनाबाई तांदळाचं सूप आणि रिकामी वाटी घेऊन समोर बसल्या. अंजनीने हात जोडले आणि सुरुवात केली. सापडत नसलेली शीर कशी शोधायची, घाबरलेल्या बाळंतिणीशी काय बोलायचं. ती थांबली की वाटीत टप्पदिशी एक दाणा पडायचा. वात विझली तेव्हा वाटीचा तळ कुठे दिसत नव्हता.

"आज दोघांचा भात झाला," असं म्हणून जनाबाईंनी दाणे डब्यात परत ओतले.

एकही संध्याकाळ चुकली नाही. ड्यूटीची वेळ पुढेमागे झाली तर दिवा पुढेमागे झाला, पण बोलणं झालंच. घसा बसला तेव्हा ती आल्याचा रस घेऊन बोलली. 'आम्ही केलं' म्हणायची जुनी सवय सोडून ती 'मी केलं' म्हणायला शिकली. पहिल्यांदा म्हणताना कानशिलं तापली, पण म्हणाली. अडीच महिन्यांनी वाटीत चार दाणे होते.

"चिमणी उपाशी राहील गं," जनाबाई हसल्या.

परीक्षेत या खेपेला विषय आला, तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाविषयी सांगा. अंजनी एका अक्षरओळख नसलेल्या बाईविषयी बोलत राहिली. वेळ संपल्याचं परीक्षकाला सांगावं लागलं.

निकालाच्या दिवशी वाधवानी फोनवर अक्षरशः ओरडले, "सात! अडसष्ट झाले, सिस्टर! आता कागद पाठवू."

त्या संध्याकाळी तिने निरांजन लावलं. जनाबाई सूप आणि वाटी घेऊन आपल्या जागी येऊन बसल्या.

"आई, झालं आता," जयदेव म्हणाला. "सात आले तिचे."

"वात जळतीया न्हवं अजून?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "बोल गं."

अंजनी इंग्रजीत बोलू लागली. मराठीत जे तोंडातून निघत नव्हतं ते. तुमच्या डोळ्यांत सकाळचे थेंब कोण घालणार. अनंताची बायको साडेसातलाच कामाला निघते. मी सगळे रकाने भरले, आई, तुमचा कुठेच नव्हता. टप्प. ती थांबली, पुन्हा सुरू झाली. टप्प. टप्प. जनाबाई वातीकडे बघत होत्या आणि हात आपलं काम करत होता.

वात शांत झाली. वाटी काठोकाठ भरली होती.

"आज लई अडखळलीस," जनाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली, पण डब्याकडे नेली नाही. दाणा सांडू नये म्हणून वर तळहात धरून त्या उठल्या आणि वाटी निरांजनाशेजारी, देवांच्या ओळीत नेऊन ठेवली.