चार बोटं वर

गल्लीचा रस्ता नव्याने होणार ही बातमी महिनाभर सगळ्यांना गोड लागत होती. मग दिव्याच्या खांबांवर लाल रेघा उमटल्या. नवा रस्ता त्या रेघांच्या उंचीवर येणार असं कळलं आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

खोदकाम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी इंजिनीअर बाई आल्या, तसा त्यांना गराडाच पडला. गाड्या कुठे लावायच्या, सिलिंडर कसं येणार, धुळीने पोरं आजारी पडली तर काय, एक ना दोन. दुकान सहा महिने बंद राहिलं तर अख्खी गल्ली उघडी हिंडेल, असा दम शिंप्याने भरला. बाई सगळं वहीत उतरवून घेत होत्या. वहीत गेलेल्याचं पुढे काय होतं, ते लोकांना पाठ होतं.

म्हातारा गवंडी गर्दीत शिरलाच नाही. त्याने पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी आणली, तिचं एक टोक शिंप्याला खांबावरच्या रेघेशी धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन तो आपल्या दारात बसला. चाळीस वर्षं त्याने अशाच नळीने घरांची पातळी काढली होती. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे कुणाचा वशिला चालत नाही. रेघ त्याच्या उंबऱ्याच्या चार बोटं वर निघाली.

"बाई, पावसाचं पाणी माझ्या घरात येणार," बाई दारापुढे आल्या तेव्हा तो म्हणाला.

"काका, खाली जुनी पाइपलाइन आहे, रस्ता आणखी खाली नेता येत नाही. तुमच्या दारापुढे जाळीचं गटार देतोय ना."

"ते तुंबलं तर?"

"तक्रार नोंदवा. माणूस येईल."

गवंडी नळी गुंडाळू लागला. त्याची बायको दोन वर्षं चाकांच्या खुर्चीत होती. मागे घरातला नळ फुटला तेव्हा तो बाजारात होता. परतला तर पलंगाचे पाय पाण्यात, आणि ती वर बसून हाका मारून घसा बसलेली. त्या दिवशी त्याने तिला उचलून बाहेर आणलं होतं. आता अर्धी बादली उचलायची तरी त्याचे गुडघे नको म्हणत.

दुपारी लेक आईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. उद्या दारासमोर खड्डा पडायच्या आत काय ते करायला हवं होतं. त्याने परसातल्या विटा काढल्या, सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि दारात वीतभर उंचीची भिंत घातली. ओळंबा लावून पाहिला, कडा घासून घेतल्या. शिंप्याने "उद्या माझ्याही दारात, मिस्त्री" म्हणून नंबर लावला, त्याच्यामागे आणखी तिघांनी. दिवसभरात पहिल्यांदा गवंड्याच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी खुर्ची दाराशी आली आणि थांबली.

"बाबा, हे काय?"

"पाणी अडेल," तो ऐटीत म्हणाला. मग त्याची नजर चाकांवर गेली.

भ्याला की हा माणूस काहीतरी बांधतो, हे बायकोला लग्नापासून माहीत होतं. "पाणी अडेल हो," ती म्हणाली, "पण मलाच बाहेर ठेवून दार बांधलंत की!"

लेक फिसकन हसली. त्याला हसू आलं नाही.

"उतार करतो."

"उद्या पुढे खड्डा असेल, बाबा. उतार काय हवेत करणार?"

"अगं, मला आता तुला उचलता येणार नाही!" तो एकदम बोलून गेला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "गुडघे गेलेत माझे. पाणी आलं तर मी काय करू?"

"ठाऊक आहे मला. खुर्चीत बसवताना तुमचे हात लटपटतात," ती म्हणाली. "म्हणून तर जाते तिकडे. आज पलंगावरून खुर्चीत माझी मी बसले. पाणी आलं तर खुर्ची लोटत दारापर्यंत येईन, पुढचं शेजारी बघतील. मध्ये भिंत नको तेवढी."

गवंडी खाली बसला. माल अजून ओला होता, वीट हातानेच निघाली. एकेक करत सगळ्या काढायला त्याला बराच वेळ लागला. भीती काही गेली नव्हती, रेघ होती तिथेच होती. उंबरा पुसून त्याने खुर्ची आत घेतली आणि दाराला धरून दम खात उभा राहिला.

"तुझ्या त्या व्यायामवाल्याकडे," त्याने विचारलं, "गुडघ्यांचं काही असतं का गं?"