झिपरूच्या उशाशी

मित्रांनो, मी एक जुने ऑक्सिजनचे यंत्र आहे. करोनाच्या दिवसांत बोईसरच्या एका छोट्या चर्चने मला विकत आणले. तेव्हा लोक माझ्यासाठी दारात उभे राहत, मला हात जोडत. साथ ओसरली आणि मी सतरंज्यांच्या ढिगामागे पडून राहिले. उंदरांनी माझी वायर कुरतडली.

मग एके सकाळी धीरजने मला बाहेर काढले. धीरज रिक्षा चालवतो आणि रविवारी त्या चर्चमध्ये प्रार्थना घेतो. माझी दुरुस्ती करून तो मला पाम गावात, झिपरूच्या खोलीवर घेऊन गेला.

झिपरू डोंगरातला. पावसाळ्यात नागली पिकवायचा, बाकी वर्षभर दगडाची भुकटी करणाऱ्या गिरणीत गोण्या भरायचा. तोंडाला नुसता रुमाल. ती भुकटी त्याच्या फुप्फुसांत जाऊन बसली होती. हा आजार बरा होत नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. चाळिशीही न गाठलेला तो माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसे. आडवा झाला की गुदमरे.

मला पाहून त्याने आधी विचारले, "यासाठी आमी तुमच्या देवाचं व्हायला पायजे काय?"

"नाय दादा," धीरज म्हणाला. "तू श्वास घे. बाकी काय नको."

तरी झिपरूचा भाऊ चिंतू चिडलाच. "हे बाटवतील तुला," म्हणाला आणि यायचा बंद झाला.

झिपरूही चिडलेलाच असे. "मी कोणाचं काय वाईट केलं होतं?" हे तो बायकोला, चिमीला, रोज विचारी. ती हवा ओलसर ठेवणाऱ्या माझ्या बाटलीत पाणी भरी.

धीरज अधूनमधून येई, माझी जाळी धुई, थोडा वेळ बसे. एका दुपारी झिपरूच म्हणाला, "तुमच्या देवाचं काय ते सांग."

धीरजने बायबल उघडून येशूला वधस्तंभावर खिळले तो भाग वाचला. झिपरूने त्याला मध्येच थांबवले.

"असा टांगला तर दम लागल ना?"

"लागतो. अंग वर उचलल्याबिगर श्वास घेता येत नाय. उचललं की खिळे दुखतात."

झिपरूने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाला, "मंग त्याला ठाव हाय."

मित्रांनो, तो बरा झाला नाही. पण त्या दिवसानंतर त्याने चिमीला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तो स्वतःच प्रार्थना करू लागला. गिरणीतला त्याचा सोबती मिथुन उमरोळीत तसाच खोकत पडला होता. "देवा, मिथुनकडं बघ," एवढे म्हणायलाही झिपरूला मध्ये थांबावे लागे.

एका वादळी दुपारी वीज गेली आणि मी बंद पडले. धीरज सिलिंडर आणायला पालघरला धावला. चिमी सुपाने वारा घालत होती. कुणीतरी सांगितले म्हणून चिंतू धावत आला आणि भावाच्या पाठीला पाठ लावून बसला.

"घाबरू नको, चिंतू," झिपरू म्हणाला. "तो बसलाय... माझ्याजवळ."

चिंतूने खोलीभर पाहिले. त्याला कोणी दिसले नाही.

सिलिंडर पोचायच्या आत झिपरू गेला. नंतर वीज आली आणि मी आपोआप सुरू झाले. नळीतून हवा येत राहिली. शेवटी चिमीने उठून बटण दाबले.

तेराव्याला काय करायचे यावरून नात्यात भांडणे झाली. चिमी त्यात पडली नाही. तिने मला पुसले आणि चिंतूला म्हणाली, "याला मिथुनकडं पोचव." चर्चच्या पायरीवरही न चढणाऱ्या चिंतूने मला खांद्यावर उचलले.

आता मी उमरोळीत आहे. मित्रांनो, दगडाच्या धुळीत माणसाला नुसत्या रुमालावर पाठवू नका. माझी गरज पडेल अशी वेळ कोणावर येऊ देऊ नका. माझ्यासारख्या यंत्रांना अडगळीत टाकू नका. आणि भिंतीला टेकून धापा टाकणारा कोणी दिसला, तर त्याच्याजवळ जरा बसा. मला फक्त हवा देता येते.