साखळीबाबांची समाधानवही

पहिला फटका बॉनेटवर पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने समोरच्या काचेला तडा गेला आणि टाळ्या वाढल्या. तिसरा माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर पडला, तेव्हाही त्या थांबल्या नाहीत.

शोरूमच्या मागच्या आवारात दीड-दोनशे माणसं भर दुपारी उन्हात उभी होती. मधोमध भावाची गाडी, घेऊन जेमतेम चार महिने झालेली, चाकांखाली दगड लावून उभी केलेली, जागच्या जागी डरकाळ्या फोडत होती. साखळीबाबांच्या चेल्याने एकदाच तिला रेस दिली होती आणि मग दोन्ही पाय दाराबाहेर काढून सगळ्यांना दाखवले होते. तरी इंजिन ओरडतच होतं.

"बोल!" बाबा हातातली जाड लोखंडी साखळी फिरवत गरजले. "कोण आहेस तू? कुणी धाडलं तुला?"

गाडी काही बोलली नाही. मग बाबांनीच तिच्या वतीने उत्तर दिलं. "ऐका लोकहो! गाडी कारखान्यातून निघते ती तान्ह्या लेकरासारखी निष्पाप. तिला दोष लागतो तो मालकाच्या दारात! ह्याच्या हातून पाप झालं, ते पाप इंजिनात जाऊन बसलंय!"

बाबांना कारखान्याच्या अब्रूची एवढी काळजी का, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. मला पडला, पण मी मुळातच खवचट. तीस वर्षं ग्राहक न्यायालयात टंकलेखिका होते. 'दोष' हा शब्द मी इतक्या वेळा टंकलाय की त्या दोन अक्षरांच्या कळा आधी झिजायच्या. आमच्याकडे दोष वस्तूत असायचा, इथे तो माणसाच्या पाठीवर शोधत होते.

भाऊ गुडघ्यांवर बसला होता. सदरा फाटून रक्ताने चिकटला होता. मी धावले, तर दोन चेल्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. भावानेच मान वळवून सांगितलं, "ताई, राहू दे. मला मार पडायलाच हवा."

ह्याचं कारण घरी पलंगावर होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो गाडी आत घेत होता आणि भावजय फाटक धरून उभी होती. गाडी एकाएकी उसळली. फाटकाचा खांब आणि बंपर यांच्यामध्ये तिचा उजवा पाय चिरडला. हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घातली. ती बेकरीत भट्टीपुढे आठ-आठ तास उभं राहून काम करायची. आता कुबडीशिवाय कधी चालेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

"माझा पाय ब्रेकवर होता," असं भाऊ पहिल्या दिवशी म्हणाला. शेजारी हसले, सासऱ्यांनी तोंड फिरवलं, शोरूमच्या मॅनेजरने "घाबरल्यावर पाय चुकतो हो" म्हणून खांद्यावर थोपटलं. आठवड्याभरात त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. माझा भाऊ शिंपी आहे. बावीस वर्षं त्याचा पाय शिलाई मशीनवर नेमक्या टाक्याला थांबतो. त्या माणसाला लोकांनी त्याच्याच पायाबद्दल खोटं पाडलं. मग मॅनेजरने बाबांचं नाव सुचवलं आणि आवारही दिलं.

"स्नान घाला!" बाबांनी हुकूम सोडला. चेल्यांनी बॉनेट उघडून थंडगार पाण्याच्या बादल्या ओतल्या. वाफेचा लोट उठला, बाबांनी मंत्र पुटपुटत बंपरवर साखळी हाणली, आणि काय सांगू, डरकाळी खाली खाली येत गाडी शहाण्यासारखी पुटपुटायला लागली. बायाबापड्या जमिनीला डोकं टेकू लागल्या.

तेवढ्यात मॅनेजर एक जाड वही घेऊन आला. वहीवर छापलं होतं, 'समाधानवही'. त्याने भावाच्या रक्ताळलेल्या हातात पेन दिलं.

मी चेल्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. ह्या वयात दात शाबूत असल्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो कळवळला, मी सुटले आणि वहीवर झडप घातली. आत प्रत्येक पानावर तेच वाक्य छापलेलं: 'माझ्या गाडीत आता कोणताही दोष नाही. जो होता तो माझा होता.' खाली सह्या, अंगठे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक वाक्य मी निकालांमध्ये पुन्हा पुन्हा टंकलं होतं. 'तक्रारदाराने स्वतःच लिहून दिले असल्याने तक्रार फेटाळण्यात येते.' तो कागद कुठून येतो, हे आज कळत होतं.

"सही करू नकोस!" मी ओरडले. "ही सही केलीस तर तिचा पाय तू मोडलास असं आयुष्यभरासाठी लिहून देशील!"

"बाईलाही बाधा झालीये!" बाबा म्हणाले आणि साखळी माझ्या दिशेने उचलली गेली. पण ती मधेच कुणीतरी धरली.

तो पान्या होता, आमच्या गल्लीतला गॅरेजवाला. कायम खिशात पाना, म्हणून पान्या. मीच त्याला बरोबर आणलं होतं आणि तो इतका वेळ फक्त गाडीकडे बघत होता.

"बाबा, एक शंका," तो म्हणाला. "गाडीला मारायच्या आधी अर्धा तास तिच्यावर काळी घोंगडी टाकून, चालू ठेवून, उन्हात का उभी केली?"

"बाधा उबेला बाहेर येते!"

"अन् पाण्याने जाते. बरं. मग आता परत घोंगडी टाकू. गाडी चढली की पाण्याशिवाय उतरवून दाखवा. नुसता मंत्र अन् साखळी. जमलं तर मी गॅरेज बंद करून तुमचा चेला होतो."

लोकांना तमाशा फुकटात लांबला तर हवाच असतो. "होऊन जाऊ द्या!" असा गलका झाला. मॅनेजरचा चेहरा उतरला, पण नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. घोंगडी पडली. अर्ध्या तासाने पान्याने एकदा रेस दिली, पाय बाहेर काढले, आणि गाडी पुन्हा पिसाळली.

बाबांनी मंत्र म्हटले. गाडी ओरडतच राहिली. त्यांनी साखळी हाणली. दिवे फुटले, आरसा लोंबकळला, दार चेपलं. घामाने निथळत ते मारत सुटले आणि गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने बाबांचं डोकं फिरलं. साखळी गर्रकन वळली आणि पान्याच्या तोंडावर बसली. त्याचा ओठ फाटला, दोन दात मातीत पडले. तो खाली कोसळला, चेल्यांनी त्याला लाथांनी तुडवायला सुरुवात केली आणि गर्दीतले चार भाविकही पुण्य पदरात पाडायला पुढे सरसावले.

तेव्हा माझा भाऊ उठला. अंगात त्राण नसताना त्याने एका चेल्याला कॉलरला धरून भिरकावलं आणि पान्यावर आडवा पडून उरलेल्या लाथा स्वतः खाल्ल्या. मी तांब्याभर पाणी घेऊन गाडीकडे पळाले. "कुठे ओतू?"

पान्याने रक्त थुंकत बोट दाखवलं. "ती काळी नळी... तिच्या टोकाला. तेवढ्यावरच."

मी बरोबर तिथेच पाणी ओतलं. बादल्या नाहीत, मंत्र नाही, साखळी नाही. गाडी गप्प झाली.

लाथा थांबल्या. पान्या उठून बसला आणि शब्द जुळवत बोलू लागला. "इंजिनाला हवा सोडणारी झडप असते. हिच्यात प्लास्टिकची कडी बसवलीये, हलकी. तापली की फुगते आणि झडप उघडीच अडकते. मग पाय काढा, ब्रेक दाबा, गाडी उसळणारच. गार झाली की कडी आकसते. झालं."

मी पिशवीतून भावाची फाईल काढली. अपघाताच्या आधी तो तीनदा ह्याच शोरूममध्ये तक्रार घेऊन आला होता, आणि कागद टाकून द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. तिसऱ्या जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, त्यांच्याच कारागिराने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तापवून पाहिली, रेस अडकते. थंड केल्यावर अडकत नाही.' खाली शिक्का, 'ग्राहकाचे समाधान झाले.' त्या ओळीचा अर्थ मला आत्ता लागला, मी ती दोनदा मोठ्याने वाचली. ह्यांना सगळं ठाऊक होतं. घोंगडी आणि बादल्या ह्याच ओळीतून निघाल्या होत्या.

भाऊ मातीत बसला होता. "म्हणजे ताई... माझा पाय ब्रेकवर होता?"

"होता रे बाबा. तुझा पाय कधी चुकलाय का?"

तो ढसाढसा रडला. मीही रडले, लाज कसली त्यात.

आता गर्दी उलटली. ज्यांनी पान्याला तुडवलं, त्यांनीच साखळी उचलली. बाबांची बोबडी वळली, मॅनेजर खुर्चीमागे दडला. एक दगड बाबांच्या कपाळावर बसला. मी मधे उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले, "हात मोडू नका त्याचा! त्याला पोलिसांपुढे जबाबावर सही करायचीये!" लोक हसले आणि त्या हसण्याने तो वाचला. वही मात्र मी पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

नंतरचं काम कंटाळवाणं होतं, म्हणूनच ते टिकलं. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. कंपनीला नोटीस पाठवली. स्वतंत्र प्रयोगशाळेत झडप तपासून घेतली. मग ग्राहक न्यायालयात गेलो. गाडीचे पैसे परत आणि भावजयीच्या पायाची भरपाई, दोन्ही मिळायला सव्वा वर्ष लागलं. वहीत सह्या केलेल्यांपैकी नऊजण पुढे आले. फसवून घेतलेल्या सहीलाही आव्हान देता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पान्याने साक्ष नव्या दातांनी दिली.

निकाल मी घरी वाचून दाखवला. "सदर वाहनात उत्पादन दोष होता." भावजय कुबडी टेकून शिलाई मशीनपाशी उभी होती. "वन्सं, तेवढं वाक्य परत वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. भावाचा पाय मशीनवर थांबला, नेमक्या टाक्याला.

तेव्हा तुम्हालाही सांगते. यंत्राला पाप लागत नाही, त्याचा भाग बिघडतो. तो बिघाड कधी होतो, तापल्यावर की गार असताना, ते बघा आणि लिहून ठेवा. प्रत्येक जॉबकार्ड जपा. दुरुस्ती मागा. ती जमत नसेल तर गाडी बदलून मागा, नाहीतर पैसे परत मागा. इजा झाली असेल तर तिची भरपाईही मागा. हे सगळं मागायचा हक्क आहे तुम्हाला. आणि कुणी वही पुढे करून तुमचा दोष तुमच्याच अक्षरात लिहून मागितला, तर पेन खिशात ठेवा.