बारा व्होल्टची भीती

मी वायपरची मोटर बोलतेय. सत्तर वर्षांच्या एका मोटारीच्या काचेखाली माझा मुक्काम आहे. माझी घडण सहा व्होल्टांची. त्याहून जास्त वीज माझ्या अंगाला सोसत नाही.

बीदरजवळच्या कमठाण्याचे रामाचार्य सर माझे मालक. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांची. गेल्या वर्षी तिची बॅटरी कायमची बसली. सहा व्होल्टची दुसरी बीदरपासून कलबुर्गीपर्यंत कुठंच मिळेना. तेव्हा सरांचा जुना विद्यार्थी वीरभद्रप्पा, गाड्यांचं वायरिंग करणारा, बारा व्होल्टची घेऊन आला.

दिवे त्यानं बदलले. मग घड्याळाकडं वळला. तो माझा जन्माचा शेजारी. "एवढ्याशा घड्याळाला काय व्हतंय?" म्हणत त्यानं वायर सरळ जोडली. काटे थरथरले, आतून धुराची बारीक रेघ निघाली आणि टिकटिक थांबली. जळका वास माझ्यापर्यंत आला. पुढची वायर माझीच होती!

वीरभद्रप्पाही चांगलाच घाबरला. हातातली पक्कड खाली ठेवत म्हणाला, "सर, मला न्हाई जमायचं. नवी मोटर आणतो. ही भंगारात टाका."

जळून मरायचं की भट्टीत वितळून?

"नवीच बसवा की," सरांच्या पत्नी सुशीलाबाई दारातून म्हणाल्या. "कामून उगं जिवाला घोर?"

सर वीरभद्रप्पाकडं वळून म्हणाले, "वीरभद्रा, निम्मं व्होल्टेज वाटेतच कसं अडवायचं? शिकवलं व्हतं तुला."

"रेझिस्टर लावून, सर."

"मग घाबरायलास कामून?"

"घड्याळ मारलं की मी. हीबी जळाली तर?"

"म्हणून तर आधी मोजून बघ," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी भूक, म्हणजे मी किती वीज ओढते ते, मोजून त्यानं पांढऱ्या चिनी मातीचा एक रेझिस्टर आणला. तो तापतो म्हणून वायरींपासून लांब, उघड्या पत्र्यावर बसवला. जोडणी झाली, पण बटणापर्यंत त्याचा हात जाईना. सरांनी त्याला हलकेच बाजूला केलं.

"मी दाबतो. जळाली तर दोष माझा. तुझ्या हाताला नको."

सुशीलाबाईंनी काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. बटण दबलं. वीज अंगात शिरली आणि मी नुसतीच गुणगुणले, जागची हलेना.

"सर, बंद करा!" वीरभद्रप्पा ओरडला.

तेवढ्यात माझा पहिला फेरा झाला. मग दुसरा. वीरभद्रप्पानं माझ्या पाठीवर तळवा टेकवला. "गरम न्हाई, सर," तो म्हणाला. सर तिथंच पायरीवर बसले. त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

आज मी फिरते, पण भीती गेलेली नाही. जरा वायर सरकून रेझिस्टरला टाळून मला टेकली, की सगळेच्या सगळे बारा व्होल्ट माझ्यावर येतील. माझं एवढंच मागणं: कोरड्या काचेवर मला फिरवू नका, जोर लागला की मी तापते. आणि नवी ताकद जोडण्याआधी माझ्या अंगावर कोरलेला सहाचा आकडा एकदा वाचा.